पाण्यातल्या पॉलियुरेथेनची लवचिक फिल्म: ड्रम उघडण्यापासून रोल गुंडाळण्यापर्यंत

फिल्म वाळली पण चिकट राहिली. मधोमध पांढुरकी झाली. टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली. दुमडली तिथे चीर गेली. विचारणा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून येवो, मच्छेहून येवो की निपाणी-अथणीहून, तक्रारी याच चार-पाच असतात आणि निदानही ठरलेलं असतं: "या खेपेचा ड्रमच खराब आला." ड्रम कधी खराब निघत नाही असं नाही, पण ते क्वचित. बहुतेक घोटाळा ड्रम उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात होतो, नाहीतर ओव्हनमधल्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत.

बॅगेचं अस्तर, पावसाळी कापड, एप्रन, चपलेच्या पाताव्यावरचा थर किंवा कापडाशिवाय नुसती सुटी फिल्म, असं काही छोट्या शेडमध्ये बनवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. जाडी साधारण ५० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली आहे. आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. तुमच्या ड्रमसोबत आलेल्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तो धरा.

सुरू करण्याआधी एक गोष्ट

डिस्पर्शन, म्हणजे पाण्यात बारीक कणांनी पसरलेलं पॉलियुरेथेन, विकत घ्या, शेडमध्ये बनवायला जाऊ नका. त्यासाठी पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही पॉलियुरेथेनची दोन मूळ द्रव्यं ८०-९० अंशांवर कोरड्या नायट्रोजनखाली बंद रिॲक्टरमध्ये जुळवावे लागतात. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला बाधते, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की नंतर अगदी थोडीशी वाफसुद्धा दम लावते. पातेलं आणि ड्रिल मशीनचं ढवळणं यावर भागवायचं हे काम नव्हे.

मात्र आत काय असतं ते माहीत हवं, कारण पुढच्या निम्म्या चुका त्यावरून समजतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डिस्पर्शनमध्ये पॉलियुरेथेनच्या साखळीतच थोडे आम्लगट बसवलेले असतात आणि ते अमाइन या अल्कधर्मी द्रव्याने उदासीन केलेले असतात. त्यामुळे प्रत्येक कणावर ऋण भार येतो. कण एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात तरंगत राहतात. हा भार मोडणारी कुठलीही गोष्ट, म्हणजे आम्ल, मीठ, तुरटी, कॅल्शियम, आत गेली की डिस्पर्शन नासतं. एकदा नासलं की ते परत जुळत नाही, कितीही ढवळा.

१. ड्रम निवडताना विचारायच्या गोष्टी

विक्रेत्याला "सॉफ्ट द्या" एवढंच सांगितलं की तो त्याच्याकडे पडून असलेलं सॉफ्ट देतो. त्याऐवजी हे विचारा.

पॉलिऑल कोणतं? आपल्या भागात हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पॉलिएस्टरवर आधारलेली फिल्म मजबूत असते, कापडाला छान धरते आणि स्वस्त पडते. पण ओल आणि उष्णता मिळून तिची साखळी तुटते. कपाटात ठेवलेली चप्पल एका पावसाळ्यानंतर वरून सोलते, भुगा होते, ते बहुधा यामुळेच. पॉलिईथर ओलीला जास्त टिकतं, पण उन्हात लवकर कमजोर होतं. पॉलिकार्बोनेट दोन्हीला टिकतं, मात्र किमतीत बसेलच असं नाही. खानापूर, जांबोटीकडे विकायचा पावसाळी माल असेल तर साध्या पॉलिएस्टरच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अथणी, रायबागच्या कोरड्या हवेत वापरायच्या पिशवीला ते चालून जाईल.

ॲलिफॅटिक की ॲरोमॅटिक? हे आयसोसायनेटचे दोन प्रकार. ॲरोमॅटिक उन्हात पिवळं पडतं. पांढऱ्या किंवा पारदर्शक मालासाठी ॲलिफॅटिकच.

घन भाग, म्हणजे पाणी उडाल्यावर उरणारा भाग, किती टक्के? साधारण ३० ते ४० असतो. स्वस्त ड्रममध्ये पाणीच जास्त असू शकतं, म्हणून दर किलोच्या भावाने नव्हे, घन भागाच्या किलोमागे काढा.

फिल्म धरण्याचं किमान तापमान किती? त्या तापमानाखाली कण एकमेकांत मिसळत नाहीत. नुसते वाळून चुरा होतात किंवा भेगाळतात. मऊ ग्रेडमध्ये हा आकडा शून्याच्या आसपास असतो, कडक ग्रेडमध्ये तो खोलीच्या तापमानाच्याही वर जातो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटेचा पारा १४-१५ अंशांवर उतरतो, तेव्हा रात्री फरशीवर ठेवलेला ड्रम सकाळी तसाच ओतला की "माल भेगाळतो" ही तक्रार येते.

दुप्पट लांबीला ताणायला किती जोर लागतो, आणि तुटेपर्यंत फिल्म किती ताणते? पहिला आकडा २ ते ४ मेगापास्कल असेल तर फिल्म मऊ. १० च्या वर गेला तर ताठ. दुमडणाऱ्या मालाला पहिल्या गटातलं घ्या.

२. पाणी: इथेच पहिला ड्रम वाया जातो

पातळ करायला बोअरचं पाणी घालू नका. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, आणि कणांवरचा ऋण भार नेमका तेच मोडतात. कधी लगेच गुठळ्या होतात. कधी काहीच दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी बारीक रवा तयार होतो आणि फिल्मवर मुरुमांसारखे दाणे उठतात. ते दाणे पाहून लोक धुळीला शिव्या देतात.

साधा टीडीएस मीटर इथे पुरत नाही. पाण्यात एकूण क्षार किती एवढंच तो दाखवतो, कडकपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ते वेगळं दाखवत नाही. बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी वापरा. लागतंही थोडंच. नळाचं पाणी राकसकोप जलाशयाचं असो की हिडकल धरणाचं, चाचणी केल्याशिवाय घालू नका.

तपासणी: काचेच्या बाटलीत अर्धं डिस्पर्शन, अर्धं पाणी घालून हलक्या हाताने फिरवा आणि बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी बारीक नायलॉन जाळीतून गाळा. जाळीवर रवा राहिला किंवा तळाला साका बसला, तर ते पाणी नको.

हाच नियम रंगाच्या पेस्टला आणि भरावालाही (फिलर) लावा. पेस्ट ऋणभारी किंवा भाररहित हवी आणि तिचा पीएच ८-९ च्या आसपास हवा. कापड रंगवण्याच्या कामातली धनभारी द्रव्यं घरात असतील तर ती वेगळ्या कपाटात ठेवा. त्यांचा एक चमचा पुरतो.

वनस्पतीच्या सालींनी कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं. निपाणी, अथणीकडे कोणी अशा चामड्यावर थेट हा थर देऊन पाहत असेल तर थर पृष्ठभागावरच नासतो, आत धरत नाही आणि पुढे पापुद्रा सुटतो. आधी त्यासाठीचा प्रायमर द्यावा लागतो. खऱ्या कोल्हापुरीवर हा थर देऊच नये, हे माझं वेगळं मत. चामड्याचा श्वास बंद करून काय मिळवायचं?

३. घन भाग आणि जाडीचा हिशोब

माहितीपत्रकावर ३५ टक्के लिहिलं म्हणून ३५ धरू नका. ड्रम उघडा राहिला असेल तर आकडा वाढलेला असतो, कोणी पाणी घातलं असेल तर उतरलेला.

ॲल्युमिनियमच्या छोट्या वाटीत २ ग्रॅमच्या आसपास डिस्पर्शन अचूक तोला, १०५ अंशांवर २-३ तास ठेवा, गार करा, पुन्हा तोला. उरलेलं वजन भागिले सुरुवातीचं वजन, हा घन भाग. काटा किमान ०.०१ ग्रॅमचा हवा. किराणा काट्यावर हे जमणार नाही.

आता जाडी. ३५ टक्के घन भागाचा ३०० मायक्रॉनचा ओला थर वाळून साधारण १०० मायक्रॉनचा होतो. एका चौरस मीटरला १०० मायक्रॉनची कोरडी फिल्म हवी तर ३०० ग्रॅमच्या थोडं वर डिस्पर्शन लागतं. इथपर्यंत सगळ्यांना येतं. चूक पुढे होते: थर पसरवणाऱ्या सुरीखालची फट ३०० ठेवली म्हणजे थर ३०० चा पडला असं धरलं जातं. प्रत्यक्षात थर फटीच्या निम्मा ते तीन-चतुर्थांश पडतो, कारण सुरीखालून जाताना द्रव ओढला जातो. तो किती पडेल हे दाटपणावर आणि ओढण्याच्या वेगावरही ठरतं. म्हणून फट ठरवताना आधी रद्दी कागदावर एक हात ओढा, वाळवा, मायक्रोमीटरने मोजा आणि मग फट बदला.

इशारा: एका हातात ३०० मायक्रॉनपेक्षा जाड ओला थर देऊ नका. जाड माल हवा तर दोन-तीन हात द्या.

४. मिसळण्याचा क्रम

क्रम पाठ होत नसेल तर भिंतीवर लिहून लावा, मराठी आणि कन्नड दोन्हीत. डब्यांवरच्या चिठ्ठ्याही दोन्ही भाषांत हव्यात. आपल्याकडे एका शेडमध्ये दोन्ही भाषांची माणसं काम करतात, आणि डिफोमर (फेस मारणारा) आणि थिकनर (दाट करणारा) यांचे डबे सारखेच पांढरे असतात.

भांडं प्लास्टिकचं किंवा स्टेनलेस स्टीलचं. साध्या लोखंडाच्या बादलीचा गंज डिस्पर्शनला चालत नाही.

आधी ड्रम गडगडवा किंवा लाकडी फळीने तळापासून हलवा. पंप लावून एकदम घुसळू नका. पृष्ठभागावर साय धरली असेल तर ती काढून टाका. आत ढवळली की तिचे तुकडे कायमचे राहतात.

मग या क्रमाने जा:

पहिलं, डिस्पर्शन भांड्यात घेऊन ढवळणं मंद सुरू करा. पंखा पूर्ण बुडालेला हवा आणि मध्ये खोल भोवरा पडता कामा नये. भोवरा पडला की तो हवा ओढतो, हवेचा फेस होतो आणि फेसाची पुढे भोकं होतात.

दुसरं, ठरलेल्या डिफोमरपैकी निम्मा. एकूण डिफोमर सहसा ०.१ ते ०.५ टक्का पुरतो.

तिसरं, पाणी लागत असेल तर ते, बारीक धारेने.

चौथं, ओलावा पसरवणारं द्रव्य, म्हणजे वेटिंग एजंट. रिलीज कागदावर, म्हणजे ज्यावरून फिल्म सोलून निघते त्या कागदावर, थर गोळा होत असेल तरच. सवयीने घातलेलं वेटिंग एजंट फिल्ममध्येच राहतं आणि पावसात तिथूनच पाणी आत खेचतं.

पाचवं, रंगाची पेस्ट.

सहावं, कडक ग्रेडसाठी फिल्म जुळवणारं सॉल्व्हंट, २ ते ५ टक्के. हे कधीही सरळ ओतायचं नाही. तेवढ्याच पाण्यात मिसळून थेंबाथेंबाने सोडायचं. सरळ ओतलं की पडलेल्या जागी कण फुगून गुठळी होते.

सातवं, थिकनर, निम्मं पाणी घालून पातळ केलेला. तो दाटपणा लगेच दाखवत नाही. पाच मिनिटांत दाट झालं नाही म्हणून आणखी घालायचा, आणि तासाभराने बादलीत खळ तयार, हा प्रकार फार ठिकाणी होतो. घाला, अर्धा तास थांबा, मग ठरवा.

आठवं, उरलेला डिफोमर. जास्त झाला तर थरात गोल खड्डे पडतात, म्हणून मोजूनच.

तपासणी: पीएच ७.५ ते ९ च्या दरम्यान हवा. तो ७ च्या खाली घसरला असेल, आंबूस वास येत असेल, तर डिस्पर्शनमध्ये जंतू वाढले आहेत. पावसाळ्यात अर्धा वापरलेला, पाणी घातलेला डबा गणपतीची सुट्टी संपेपर्यंत उघडा राहिला की हेच होतं. असा डबा ताज्या मालात ढकलून संपवू नका.

५. गाळणं आणि थांबणं

१०० मेशच्या (इंचाला १०० छिद्रांच्या) नायलॉन जाळीतून गाळा, जाळी दाबू नका. मग झाकण लावून किमान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवा. फेस वर येतो आणि फुटतो. निर्वात पंप असेल तर अर्ध्या तासात होतं, पण निर्वात हळूहळू वाढवा, नाहीतर सगळं उतू जाईल.

घाई असेल तेव्हा लोक हीच पायरी वगळतात आणि मग फिल्ममधली भोकं मोजत बसतात.

६. क्रॉसलिंकर, वापरायच्या अगदी आधी

क्रॉसलिंकर साखळ्या एकमेकींना बांधतो. चिकटपणा कमी होतो, पाणी कमी शोषलं जातं, घासणं जास्त सोसतं. लवचीकपणा मात्र थोडा उतरतो. तीन प्रकार भेटतील.

कार्बोडायइमाइड, एकूण मिश्रणाच्या २ ते ५ टक्के. हा आम्लगटांशी जुळतो, आणि अमाइन उडून गेल्यावरच जोर धरतो. म्हणून बादलीत बराच वेळ टिकतो. छोट्या शेडसाठी मी हाच सुचवतो.

पाण्यात मिसळणारा आयसोसायनेट, ३ ते ५ टक्के. बांधणी जबरदस्त, पण बादलीतला वेळ काही तासच. शिवाय तो पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतो.

इशारा: आयसोसायनेट घातलेला डबा घट्ट बंद करून ठेवू नका. वायू साठून झाकण उडतं. ते पातळ करायला अल्कोहोलगट असलेलं सॉल्व्हंटही वापरू नका. आयसोसायनेट आधी त्याच्याशीच जुळून खर्च होतं.

तिसरा पॉलिॲझिरिडीन. काम छान करतो, पण त्वचेला आणि श्वासाला घातक आहे. हातमोजे आणि मास्क नीट वापरले जातील याची खात्री नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

७. थर ओढणं

सुटी फिल्म हवी तर सिलिकॉन लावलेला रिलीज कागद, टेफ्लॉनचा पत्रा किंवा पॉलिप्रॉपिलीनची सपाट शीट घ्या. टेबल पाणसळीने तपासा. एका कोपऱ्यात फिल्म जाड आणि दुसऱ्यात पातळ होण्याचं कारण बहुधा टेबलच असतं.

कापडावर थर द्यायचा तर सुती किंवा यंत्रमागाचं कापड आधी खळ काढून धुतलेलं हवं. खळीवर बसलेला थर कापडाला धरत नाही, खळीला धरतो. विरळ विणीच्या कापडावर पहिला हात दाट मिश्रणाचा, पण पातळ थरात द्या, म्हणजे मागून पाझरणार नाही.

उद्यमबागेसारख्या ठिकाणी एक वेगळीच अडचण येते. शेजारी फाउंड्री, मशीन शॉप. त्यांच्याकडचा सिलिकॉनचा फवारा आणि कटिंग ऑइलचा धूर हवेतून येतो. थरात मधोमध गोल डोळे पडायला तेवढं पुरतं. थर ओढायची जागा त्या बाजूच्या खिडकीपासून दूर ठेवा. हातावरचं खोबरेल तेलही तेच करतं.

सुरी एका वेगाने, न थांबता ओढा. मध्ये थांबलात तर तिथे आडवी रेघ कायमची.

८. वाळवणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

थर वाळण्याचे टप्पे तीन. आधी पाणी उडतं आणि कण दाटीने बसतात. मग कण दाबले जाऊन त्यांच्यामधल्या फटी बुजतात. शेवटी एका कणाची साखळी शेजारच्या कणात शिरते. ताकद येते ती या तिसऱ्या टप्प्यात, आणि त्याला उष्णता लागते. पहिल्या टप्प्याला मात्र उष्णता घातक ठरते, कारण वरचा भाग आधी जुळून साय धरतो आणि खालचं पाणी आत कोंडतं. मग ते वाफ होऊन फोड आणतं, किंवा आत राहून फिल्म पांढुरकी आणि चिकट ठेवतं. म्हणून घाईने १३० अंशांच्या ओव्हनमध्ये ढकललेली फिल्म बाहेरून वाळलेली दिसते आणि आठवड्याने कुरकुर सुरू होते.

ओल्या २५० मायक्रॉनच्या थरासाठी मी असा क्रम धरतो:

पहिला टप्पा ४० ते ५० अंश, १५-२० मिनिटं, मंद वारा. वारा थरावर सरळ मारू नका, आडवा सोडा.

तपासणी: थर दुधाळ पांढरा असतो, मग निळसर अर्धपारदर्शक होतो, मग स्वच्छ. मधोमध पांढरी बेटं शिल्लक असताना तापमान वाढवायचं नाही. रंगीत थराला हे दिसत नाही. तिथे वजन घ्या.

दुसरा टप्पा ७० ते ८० अंश, १० मिनिटं.

तिसरा टप्पा १२० ते १३० अंश, ३ मिनिटांच्या आसपास. क्रॉसलिंकर घातला असेल तर हा टप्पा वगळू नका.

ओव्हनचा काटा हवेचं तापमान दाखवतो, फिल्मचं नव्हे. ओल्या फिल्मचं तापमान बराच वेळ खालीच राहतं. शक्य असेल तर थराच्या मागे तापमानाची पट्टी चिकटवा.

आता ऋतूप्रमाणे. एप्रिल-मेमध्ये अथणी, चिक्कोडीकडे हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते की ओव्हनमध्ये जायच्या आधीच टेबलावर साय धरते. तिथे पहाटे किंवा संध्याकाळी ओढा, खिडक्या लावून घ्या, पहिला टप्पा ४० अंशांवरच ठेवा. उलट जुलैत खानापूर, बेळगावात हवेतच इतकं पाणी असतं की ४० अंशांची मंद हवा काही उचलतच नाही. तिथे तापमान वाढवण्यापेक्षा हवा बदलती ठेवा: ओव्हनचा बाहेर टाकणारा झरोका उघडा, नाहीतर तीच दमट हवा आत फिरत राहते. पहिल्या टप्प्याची वेळ दुप्पट लागली तरी लागू द्या. डिसेंबरात डिस्पर्शन, कागद आणि टेबल तिन्ही किमान २०-२२ अंशांवर आणा, मगच सुरुवात करा.

तपासणी: वाळली असं वाटल्यावर एक तुकडा तोला, १०५ अंशांवर १० मिनिटं ठेवा, गार करून पुन्हा तोला. अर्ध्या टक्क्याहून जास्त घट आली तर फिल्म वाळलेली नाही, दिसायला कशीही असो.

लाइट गेली तर ओव्हनचा पंखा थांबतो पण कॉइल गरमच असते. तिसऱ्या टप्प्यातले ट्रे लगेच बाहेर काढा. पहिल्या टप्प्यातले आत राहिले तरी चालतील, फक्त दार उघडं ठेवा.

प्रयोगासाठी जाड सुटी फिल्म हवी असेल तर ओव्हनची घाईच नको. सपाट ट्रेमध्ये, जाळीने झाकून, दोन-तीन दिवस खोलीतच ठेवा, मग ६० अंशांवर एक दिवस. नमुन्यांची तुलना करायची तर हीच पद्धत विश्वासाची.

दुसरा हात पहिल्या हाताचा दुसरा टप्पा झाल्यावर द्या. पहिल्याला १२० अंश लागले आणि क्रॉसलिंकर जुळून गेला की वरचा थर नीट धरत नाही.

९. उकलणं, मुरणं, मोजणं

गरम फिल्म कागदावरून ओढू नका. ती ताणली जाते आणि नंतर आकसते. गार होऊ द्या, कोपरा उचला, सपाट कोनात सोलत या. फिल्म स्वतःला चिकटत असेल तर टाल्कची हलकी पूड मारा, पण पुढे काही चिकटवायचं असेल त्या बाजूला नाही.

मोजमापाआधी फिल्म किमान एक दिवस, क्रॉसलिंकर असेल तर आठवडाभर मुरू द्या. चाचणीची मानक हवा २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता. ती राखणारी खोली नसेल तर निदान सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजा. जुलैतला आकडा आणि मार्चमधला आकडा शेजारी ठेवून ग्रेड बदलू नका.

शेडमध्ये करता येणाऱ्या चाचण्या:

पाणी: तोललेला तुकडा २४ तास पाण्यात, मग टिपून तोला. वजनाची वाढ नोंदवा, पांढरा पडला का ते पाहा, आणि वाळल्यावर पुन्हा स्वच्छ होतो का तेही. परत स्वच्छ होत असेल तर प्रकरण हाताबाहेर नाही.

चिकटणं: दोन तुकडे तोंडाला तोंड लावून, वर किलोभर वजन ठेवून, ५० अंशांवर रात्रभर. सकाळी आवाज न होता सुटले पाहिजेत.

दुमडणं: एकाच घडीवर पुन्हा पुन्हा दुमडा आणि भिंगाने चीर शोधा. मऊ बॅगेच्या मालाला शे-दोनशे घड्यांत चीर दिसली तर ग्रेड चुकलं.

ओल: बरणीच्या तळाशी पाणी, वर टांगलेली पट्टी, झाकण घट्ट, ७० अंशांवर आठवडाभर. पट्टी चिकट किंवा ठिसूळ झाली तर पावसाळी माल म्हणून विकू नका. बरणी उष्णता सोसणारी घ्या आणि गार झाल्याशिवाय उघडू नका.

१०. फिल्म सुधारायची कशी

एका वेळी एकच गोष्ट बदला. ग्रेडही बदललं, थिकनरही बदलला आणि ओव्हनही वाढवला, तर सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कळत नाही.

ताठ वाटते: मऊ ग्रेड मिसळा, ८० ला २० पासून सुरुवात करा. दोन्ही एकाच भाराची हवीत. आधी बाटलीत रात्रभराची चाचणी. प्लास्टिसायझर घालायचा मोह होतो, पण तो काही महिन्यांत पृष्ठभागावर येतो आणि फिल्म चिकट होते.

चिकट राहते: आधी वजनाची तपासणी करून पाणी उरलं नाही ना ते पाहा. मग तिसरा टप्पा. मग क्रॉसलिंकर. तरी नसेल जमत तर वरचा शेवटचा पातळ हात थोड्या कडक ग्रेडचा, मॅट करणारी सिलिका घालून द्या. आतला थर मऊ, वरचा पातळ थर कडक, ही जोडी बहुतेक लवचिक मालाला मानवते.

पाण्याने पांढरी पडते: वेटिंग एजंट कमी करा, तिसऱ्या टप्प्याची वेळ वाढवा, मग क्रॉसलिंकरकडे जा. क्रॉसलिंकर शेवटी, कारण तो महाग असतो आणि अर्धवट वाळलेल्या फिल्मला तो वाचवत नाही.

कापडावरून सोलते: कापडाची खळ आणि पहिल्या हाताचा दाटपणा तपासा. फिल्मची चूक इथे क्वचितच असते.

घडीवर चीर जाते: जाडी मोजा. बऱ्याचदा एका कडेला थर दीडपट पडलेला असतो आणि चीर तिथेच जाते.

११. धुणं, सांडपाणी, साठवण

भांडी आणि सुरी ओली असतानाच पाण्याने धुवा. वाळलेला थर पाण्याने सुटत नाही, खरवडावा लागतो आणि सुरीची धार जाते.

धुतलेलं दुधाळ पाणी नाल्यात सोडू नका. नाल्यातल्या क्षारांनी ते तिथेच गोठून पाइप बुजवतं. ड्रममध्ये साठवा, तुरटीचं पाणी घालून गोठवा, गोळा झालेला गाळ गाळून वाळवा. स्वच्छ दिसणारं पाणी आणि वाळलेला गाळ यांची विल्हेवाट तुमच्या राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेल्या अटींप्रमाणे लावा.

ड्रम ५ ते ३५ अंशांत, सावलीत, फळीवर ठेवा. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात ३५ सहज ओलांडतात. तेव्हा ड्रम भिंतीच्या थंड बाजूला हलवा. उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि जुना ड्रम आधी संपवा.

तयार फिल्म पूर्ण गार झाल्यावरच, मध्ये पातळ पॉलिथिन किंवा कागद घालून, सैल गुंडाळा. चोर्ला घाटातून गोव्याला पाठवायचा माल असेल तर जून ते सप्टेंबरात रोल आधी एक दिवस कोरड्या खोलीत ठेवून मगच प्लास्टिकमध्ये बंद करा; ओल आत ठेवून बंद केलेला रोल पोचेपर्यंत बुरशी धरतो. रोल उभे ठेवा, आडवे रचले तर खालचे वरच्यांच्या वजनाने चिकटतात.